'ट्रिब्युलेशन' : एका शब्दाचा अभ्यास

1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पवित्र शास्त्रात रोम 5:3 व योहान 16:33 येथे 'ट्रिब्युलेशन' हा शब्द आढळतो. मराठीत त्यासाठी 'संकट', 'क्लेश' असे शब्द योजले आहेत. या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी खळ्यावरचे एक अवजार आहे.

रोमी लोक मळणीसाठी 'त्रिबुलुम' वापरीत. हा जाड फळ्यांचा पाट असे. त्याच्या खालच्या अंगास गारेच्या धारदार कपच्या किंवा लोखंडी दाते बसवीत, वर वजन ठेवीत व बैलांकरवी तो खळ्यातल्या पिकावरून ओढीत. आपल्याकडे तिवड्याभोवती बैलांची पात फिरे, तेच हे काम. यावरून लॅटिनमध्ये 'दाबणे, रगडणे' या अर्थाचे क्रियापद झाले. ख्रिस्ती लेखकांनी जिवाच्या छळाला 'त्रिबुलातिओ' म्हटले आणि फ्रेंच भाषेच्या वाटेने तेराव्या शतकात तो शब्द इंग्रजीत आला.

दुःखाने दाणा भुसापासून वेगळा होतो, असा बोध यावरून पुष्कळदा काढला जातो. पण येथे सांभाळून चालावे. पौलाने लॅटिनमध्ये नव्हे, ग्रीकमध्ये लिहिले. त्याचा शब्द 'थ्लिप्सिस', म्हणजे दाब, चेपणे. मार्क 3:9 मध्ये लोकांची गर्दी येशूला चेंगरू पाहते, तेथे याच धातूचे रूप आहे. मत्तय 7:14 मधील अडचणीच्या वाटेलाही तेच. आपल्या 'संकट' शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थही 'अरुंद, दाटीचे' असाच आहे. तेव्हा रोम 5:3 मध्ये खळे नाही. चहूकडून दाबला गेलेला मनुष्य आहे.

मळणीचे चित्र खरोखर पाहावयाचे तर यशया 28:27-28 वाचावे. जिऱ्यावर कोणी दात्यांचा पाट फिरवीत नाही. ते काठीने झोडपतात. भाकरीचे धान्यही कोणी सदासर्वकाळ मळीत बसत नाही. मळणीला माप आहे आणि शेवटही आहे.

आणखी एक गोष्ट. संकटातून धीर निर्माण होतो, हे पौल 'आम्ही' म्हणून बोलतो. त्याने स्वतः मार व तुरुंग सोसला होता. सोसणाऱ्याने स्वतःविषयी अशी साक्ष द्यावी. पण आजाऱ्याच्या खाटेशी किंवा मूल गमावलेल्या आईपाशी जाऊन "देव तुमची मळणी करीत आहे" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. ते दुःखाचे कारण सांगू लागले आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला (ईयोब 2:13, 42:7).

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
1. यशयाच्या दृष्टांतात शेतकरी निरनिराळ्या धान्यांना निरनिराळी वागणूक का देतो?
2. रोम 5:3 आणि रोम 12:15 ही वचने एकत्र वाचा. दुःखिताच्या घरी जाताना यांपैकी कोणते वचन आपल्यासाठी आहे?
3. या आठवड्यात आपण कोणाजवळ नुसते जाऊन बसू शकाल?