आयडियमच्या दोन वह्या

तलाठी भरती निघाली की वारंगा फाट्यावरच्या माझ्या सेंटरात पाय ठेवायला जागा नसते. नांदेड-हिंगोली रस्ता आणि तुळजापूरहून नागपूरला जाणारा महामार्ग इथं एकत्र येतात. गाड्या खिचडीसाठी थांबतात, आणि कळमनुरी, हदगाव, उमरखेडकडची पोरं फॉर्म भरायला. 2023 च्या भरतीत साडेचार हजारांवर जागा आणि दहा लाखांवर अर्ज होते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, गणित-बुद्धिमत्ता असे प्रत्येकी 25 प्रश्न, मिळून 200 मार्क. इंग्रजीच्या तयारीत आयडियम कुणी सोडत नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाच्या बॅगेत एक वही असतेच, डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी अर्थ, आणि आलेल्या प्रश्नांपुढं लाल टिकमार्क.

त्या वहीवर माझा आक्षेप नाही. चार पर्यायांतला एक निवडायचा तर पाठांतरच कामाला येतं. घोळ होतो तो ती वही परीक्षेच्या हॉलमधून थेट तोंडात आली की.

मागं एका पोराचा फोनवरचा इंटरव्ह्यू माझ्या सेंटरातच झाला. पुण्यातल्या गोदामात सुपरवायझरची जागा होती. पोरगा हुशार, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सीझनभर काम केलेला. आधी बसून तो काहीतरी पुटपुटत होता.

“काय करायलास रे?”

“आयडियम पाठ करायलोय भाऊ. इम्प्रेशन पडतंय.”

फोन आला. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर गडी सुटला. मी ‘ॲपल ऑफ माय पॅरेंट्स आय’ आहे, मी ‘मिडनाइट ऑइल’ जाळतो, मी ‘नो स्टोन अनटर्न्ड’ ठेवतो. उच्चारही चांगले. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साध्या इंग्रजीत विचारलं, “काट्यावर उसाची गाडी आली की तुम्ही नेमकं काय करायचात?” पोरगा गप्प. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, गाडी खाली झाली की रिकामीचं घ्यायचं, वजा करून पावती द्यायची, रांगेत भांडण लागलं तर मिटवायचं. हे सगळं तो मराठीत झोपेतही सांगेल. इंग्रजीत त्याला ‘ट्रॉली’च्या पुढं जाता येईना. बाई थांबल्या, थँक्यू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

अशी पोरं मी बरीच पाहिली आहेत. कुणाच्या डोक्यात इंग्रजी कमी होती असं नाही. ती उलट्या बाजूनं भरलेली होती.

सेंटर टाकण्याआधी मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरात काम केलं. पलीकडं इंग्लंडमधले लोक असायचे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला आयडियमची जाडजूड झेरॉक्स दिली होती, आणि त्यातलं बहुतेक काही कुणाच्याच तोंडून ऐकायला मिळालं नाही. पाऊस पडला तर लोक ‘पोअरिंग डाउन’ म्हणायचे; ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आता तिकडंही जुनाट वाटतं. जे कानावर पडायचं ते झेरॉक्समध्ये नव्हतं. ‘बेअर विथ मी’ म्हणजे जरा थांबा. ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणजे माणूस घाबरलेला नाही, तो नकार देतोय. ‘नॉट टू बॅड’ म्हणजे छान चाललंय. आणि गिऱ्हाईक शांत आवाजात ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणालं की समजायचं, आता सुपरवायझरला जोडून द्यावं लागणार. हेही आयडियमच, फक्त त्यांच्या अंगावर रंगीत कपडे नाहीत, म्हणून आपण त्यांना वहीत घेत नाही.

ही माझी एकट्याची समजूत नाही. रोझामंड मून या अभ्यासक बाईंनी 1998 साली इंग्रजीतल्या अशा ठरीव शब्दसमूहांवर एक पुस्तक लिहिलं. छापील आणि बोलीतली इंग्रजी कॉम्प्युटरवर मोजून त्यांनी दाखवलं, की यातले बहुसंख्य वाक्प्रचार दहा लाख शब्दांत एकदाही येत नाहीत. म्हणजे पोरगा रात्र जागून जे पाठ करतो, ते त्याला वर्षभर इंग्रजी ऐकून क्वचितच भेटायचं.

शिवाय प्रत्येक वाक्प्रचाराची एक पायरी असते. आपण म्हाताऱ्या गुरुजींबद्दल ‘निवर्तले’ म्हणतो, पत्रात ‘देवाज्ञा झाली’ लिहितो, आणि कट्ट्यावर कुणाबद्दल तरी ‘गचकला’ म्हणतो. सगळ्यांचा अर्थ एकच, पण सांत्वनाला जाऊन तिसरा शब्द वापरला तर लोक बाहेर काढतील. ‘किक द बकेट’ हा इंग्रजीतला ‘गचकला’ आहे. वहीच्या उजव्या रकान्यात मात्र त्यापुढं नुसतं ‘मरणे’ लिहिलेलं असतं, पायरी कुठंच नसते.

याची किंमत फार आधी एका सुशिक्षित माणसानं मोजली आहे. 1873 साली कलकत्त्यात महेंद्रनाथ मुखर्जी यांनी आपले चुलते, हायकोर्टाचे न्यायमूर्ती अनुकूलचंद्र मुखर्जी, यांचं इंग्रजीत चरित्र लिहिलं. मनात आदर भरपूर, पण प्रत्येक वाक्यात इतके वाक्प्रचार कोंबलेले की साहेब लोकांनी ते पुढं कित्येक वर्षं हसण्यासाठी वाचलं. ‘बाबू इंग्लिश’ची टिंगल करायला त्यांना आयतं पुस्तक मिळालं. मला त्या साहेबांचा राग येतो. त्यांच्यातल्या कितीजणांना बंगालीत पानभर लिहिता आलं असतं? पण राग आला तरी धडा तोच राहतो.

मग गंमतीची इंग्रजी शिकूच नये का? शिकावी, पण जिथं ती आधीच आपल्या ओळखीची आहे तिथून सुरुवात करावी. आपल्याकडं ती क्रिकेटमधून आली आहे. सरकार ‘बॅकफूटवर’ गेलं, विरोधकांनी ‘गुगली’ टाकली, हे आपण मराठी पेपरात रोज वाचतो. आमदारकीची ‘हॅटट्रिक’ तर गावातली आजीसुद्धा म्हणते. तिला कुठं माहीत असणार, की 1858 साली एच. एच. स्टीफन्सननं लागोपाठ तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी दिली, आणि त्या हॅटवरून हा शब्द आला! पोरांना मी सांगतो, कॉमेंटरी इंग्रजीतून लावा.  चित्र डोळ्यांसमोर असल्यावर अर्थ पाठ करावा लागत नाही. आता ‘स्टिकी विकेट’ घ्या. पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत, पावसानंतर ऊन पडलं की चेंडू वाटेल तसा वळायचा-उसळायचा. अडचणीत सापडलेला माणूस त्यावर उभा आहे. फक्त अमेरिकन माणसापुढं हे चालत नाही, त्यांचे शब्द बेसबॉलचे. ‘बॉलपार्क’ आकडा मागितला तर अंदाजे आकडा सांगायचा असतो.

म्हणून माझ्याकडं येणाऱ्याला मी दुसरी वही करायला सांगतो. तिच्यात अर्थाचा रकाना शेवटी. आधी लिहायचं, कोण कुणाला म्हणालं, कुठं म्हणालं, हसत की चिडून. मॅनेजर हाताखालच्याला म्हणाला असेल तर तो शब्द उलट मॅनेजरला म्हणायचा नाही. वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय स्वतः वापरायचा नाही. तोवर कळला तरी पुष्कळ झालं. मरण, आजारपण, कुणाचं शरीर, कुणाची बायको यांवरचे गंमतीचे शब्द ऐकून सोडून द्यायचे. पहिल्या पानांवर ‘बेअर विथ मी’सारखे साधे तुकडे आणि आपल्या कामाची वाक्यं, काट्याची, दुकानाची, शेताची. गंमत मागच्या पानांवर, आणि तीही बरोबरीच्या मित्रांसाठी.

ऐकायला बीबीसीचा ‘द इंग्लिश वी स्पीक’ हा छोटा कार्यक्रम मोबाइलवर फुकट आहे, त्यात शब्द प्रसंगासकट येतो. डिक्शनरी घ्यायची तर शिकणाऱ्यांसाठीची घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी ओळखून त्यांनी केलेली डिक्शनरी 1942 साली टोकियोत निघाली. आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी तिच्यातूनच वाढली. तिच्यात शब्दापुढं इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, ह्यूमरस अशा खुणा असतात. मी म्हणतो ती पायरी हीच. गाइडमध्ये ती छापत नाहीत.

आणि नांदेडला क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी तासभर नुसतं मागं बसून या. महिन्यात पाचशे आयडियमची जाहिरात असेल, तर तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला इंग्रजीत एवढंच विचारा, की वारंगा फाट्यावरून कळमनुरीला जायला गाडी कुठं मिळते. त्यानं नीट सांगितलं तर पैसे भरा. तो सरांकडं बघायला लागला तर तेवढ्या पैशात डिक्शनरी येते, इअरफोनही येतो.