अल्पाक्षरी शब्दांचा अंमल

इंग्रजीचा अभ्यास करणारा आपल्याकडील मनुष्य प्रायः नामांच्या आणि धातूंच्या संग्रहात उमेदीची वर्षे घालवितो, अवघड शब्दांचे अर्थ वहीत उतरवून घेतो, आणि ज्या लहान शब्दांच्या हाती वाक्याचा सारा अधिकार असतो त्या सर्वनामांकडे, उभयान्वयी अव्ययांकडे आणि ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘वुड’ यांसारख्या साहाय्यक क्रियापदांकडे, ती तर शाळेतच होऊन गेली या समजुतीने, पुन्हा ढुंकूनही पाहत नाही. या उपेक्षेची किंमत केवढी असू शकते हे मला विम्याच्या एका प्रकरणात कळले, आणि त्या निमित्ताने जो विचार घडला तो इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडीत आहे.

माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाबद्दल एका विमा कंपनीकडे दावा दाखल केला होता. त्यावर आलेल्या उत्तरातील मुख्य वाक्य असे: ‘शुड यू विश टु परस्यू द मॅटर, यू मे सबमिट द ओरिजिनल बिल्स विदिन थर्टी डेज, अँड वी वुड सेटल द क्लेम.’ सर्व बिलांच्या साक्षांकित प्रती अगोदरच दिलेल्या असल्यामुळे, आणि ‘मे’ या शब्दाने मुभा सूचित होते, सक्ती नव्हे, हे व्याकरणाला धरूनच असल्यामुळे, मी मूळ कागद पुढील उपचारांसाठी घरी ठेवले. मुदत उलटली आणि दावा दप्तरी दाखल झाला. खुलासा विचारण्यास गेलो तेव्हा तेथील अधिकाऱ्याने सौजन्याने सांगितले, की त्यांच्या पत्रव्यवहारात ‘यू मे’ म्हणजे ‘आपण सादर करावे’, आणि ‘करावे’ म्हणजे करावयाचेच. ‘वुड’चेही तसेच: इंग्रजी वाचणारा त्या शब्दात एखादी अट गृहीत धरतो, पण आपल्या कचेऱ्यांत तो केवळ अदबीचा भविष्यकाळ झाला आहे. ज्या पत्रावर एखाद्या कुटुंबाचा पैसा अवलंबून आहे त्यात आज्ञा ही परवानगीच्या वेषात पाठविणे हा माझ्या मते अन्यायच होय, मग त्यामागील हेतू कितीही विनयाचा असो.

हा घोटाळा केवळ आपल्या कचेऱ्यांपुरता आहे असेही नाही. इंग्लंडात 1880 साली ऑक्सफर्डच्या बिशपसंबंधीच्या खटल्यात, मुभा देणाऱ्या शब्दांमागे कर्तव्याचे बंधन केव्हा उभे राहते, या प्रश्नाचा हाउस ऑफ लॉर्ड्सला खल करावा लागला. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली राज्यघटनेच्या 320व्या कलमात लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी स्पष्ट ‘शॅल’ असतानाही तो शब्द तेथे अनिवार्य नाही असे ठरविले. न्यायासनाला जेथे संदर्भ पाहूनच निर्णय करावा लागतो तेथे एकट्या शब्दाचा कोशातील अर्थ पाठ करून सामान्य मनुष्याचे कसे भागावे?

माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाची गुरुकिल्ली अशी, की हे तीन प्रकारचे शब्द निरनिराळे वाचावयाचेच नाहीत. साहाय्यक क्रियापदाचा अर्थ त्याच्या शेजारच्या सर्वनामाने पालटतो. ‘मे आय’ ही विनंती. तोच ‘मे’ ‘यू’नंतर आला की अनुज्ञा होतो, आणि अनुज्ञा देणारा वरच्या पायरीवर उभा असतो, म्हणून वडीलधाऱ्या पाहुण्याला ‘यू मे सिट’ म्हणणे कानाला खटकते. ‘आय मस्ट गो’ यात निरोप घेणाऱ्याची अगतिकता आहे. ‘यू मस्ट टेक वन मोअर’ यात यजमानाचा आग्रह आहे. आणि ‘यू मस्ट बी टायर्ड’ यात ना सक्ती ना आग्रह, केवळ अनुमान आहे. ‘शॅल आय’ म्हणणारा ऐकणाऱ्याची इच्छा विचारतो, ‘शॅल वी’ म्हणणारा प्रस्ताव मांडतो, तर ‘यू शॅल’ हे फर्मान असते. जॉन वॉलिस याने 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात प्रथमपुरुषी ‘शॅल’ने भाकीत आणि ‘विल’ने वचन, तर इतर पुरुषी नेमके उलट, असा दंडक घातला; आजच्या बोलण्यात तो फारसा पाळला जात नाही, परंतु सर्वनाम पालटले की क्रियापदाची वृत्ती पालटते, हे त्यामागील निरीक्षण व्यवहारात जागोजाग प्रत्ययास येते.

‘वी’ या सर्वनामाच्या बाबतीत मराठी मनुष्याने विशेष सावध असावे. आपल्या भाषेत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा सुंदर भेद आहे. इंग्रजीने तो एकाच शब्दात कोंबला आहे. कार्यालयातील वरिष्ठ जेव्हा ‘वी शुड फिनिश धिस टुडे’ म्हणतो तेव्हा ते काम बहुधा ऐकणाऱ्याच्याच गळ्यात पडलेले असते. परदेशी नोकरीस गेलेल्या आपल्या मुलामुलींनी असे वाक्य ऐकताच ‘शॅल आय डू इट?’ असे विचारून जबाबदारी कोणाची ते पक्के करून घ्यावे.

यापुढे येतात उभयान्वयी अव्यये, आणि आपल्या लोकांचा पाय सर्वांत अधिक घसरतो तो येथे. कारण मराठीत ही अव्यये जोडीने चालतात. ‘जरी’ म्हटले की ‘तरी’ आलेच, म्हणून आपण ‘ऑलदो’नंतर ‘बट’ घालतो, वास्तविक इंग्रजीला त्यांपैकी एकच पुरते. ‘तो येईल तर’ या वळणावर ‘इफ ही विल कम’ असे म्हणतो. परंतु ‘इफ’ने निव्वळ अट सांगताना इंग्रजी साधा वर्तमानकाळ घेते, आणि ‘विल’ राहिलाच तर ‘तो यावयास राजी असेल तर’ असा निराळा अर्थ उमटतो. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत’ यातील नकार ‘अनटिल’ आणि ‘अनलेस’ यांच्या पोटातच असताना आपण तो पुन्हा बाहेर लिहितो, आणि करारात हा जादा नकार राहिला तर अट उलटी फिरते. ‘ही मे बी ओल्ड, बट’ अशा वाक्यात ‘बट’ आला, की ‘मे’मधील शक्यता मावळते, बोलणारा वार्धक्य मान्य करून पुढे जात आहे, शंका काढीत नाही.

आणि कधी कधी उभयान्वयी अव्यय अजिबात अदृश्य होते. माझ्या पत्रातील ‘शुड यू विश’ हा प्रश्न नव्हता. साहाय्यक क्रियापद सर्वनामाच्या पुढे जाऊन बसले, की त्या उलट्या क्रमानेच ‘इफ’चे काम होते. ‘हॅड आय नोन’ म्हणजे ‘मला ठाऊक असते तर’. इंग्रजीतील हा संकोच मला आजही विलक्षण वाटतो, कारण वाक्यात अट सांगणारा स्वतंत्र शब्द एकही नसून सबंध वाक्य अटीवर उभे असते.

म्हणून कोणतेही महत्त्वाचे इंग्रजी पत्र हाती आले, मग ते बँकेचे असो, घरमालकाचे असो वा परदेशातील विद्यापीठाचे असो, तर प्रथम प्रत्येक वाक्यातील बंधन कोणावर आहे ते पाहावे. ‘दे’ अथवा ‘इट’ असेल तर ते सर्वनाम कागदांकडे बोट दाखविते की माणसांकडे, याची रुजुवात करावी. मग अट शोधावी, उघड आणि लपलेलीही. शेवटी सक्तीचे माप घ्यावे, आणि विशेषतः नकारात डोळ्यांत तेल घालून पाहावे. कारण ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येण्यास मनाई आणि ‘यू नीड नॉट कम’ म्हणजे येण्याची गरज नाही, या दोहोंत फार मोठे अंतर आहे. संशय उरला तर लेखी खुलासा मागवावा, तोंडी आश्वासनावर राहू नये, आणि उत्तर येईपर्यंत जो अर्थ अधिक सक्तीचा असेल तोच खरा धरून मुदतीच्या आत काम उरकावे.

जे कारकून आणि अधिकारी असे मसुदे तयार करतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम 2007 साली नव्याने लिहिताना तेथील विधिज्ञांनी संदिग्ध ‘शॅल’ काढून टाकला आणि बंधन होते तेथे ‘मस्ट’ घातला. तुम्हीही जेथे कागद हवाच आहे तेथे ‘यू मस्ट’ लिहा, जेथे द्यायचेच आहे तेथे ‘वी विल’ लिहा, आणि अदबीसाठी वाक्याच्या आरंभी एक ‘प्लीज’ खुशाल ठेवा.