सुपरचार्जर लावलेली गाडी रोज चालवताना

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. माझ्याकडे २०१३ ची सुबारू बीआरझेड आहे: दोन दारं, मॅन्युअल गिअर, ताकद मागच्या चाकांना, वजन साधारण साडेबाराशे किलो. ही गाडी रोज ऑफिसला जाते, ट्रॅफिकमध्ये रखडते, शनिवारी किराणा आणते आणि एखाद्या रविवारी पहाटे माउंट हॅमिल्टनचा घाट चढते. काही वर्षांपासून तिच्या इंजिनावर सुपरचार्जर आहे. तो बसवायच्या विचारात असलेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘हॉर्सपॉवर किती झाली?’ रोजच्या वापरातल्या गाडीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असं माझं ठाम मत झालंय. त्याआधी काय काय विचारावं, ते अनुभवाने जसं सुचतं तसं लिहिते.

१. गाडीत नेमकं काय कमी पडतंय ते आधी ओळखा.

या पिढीचं इंजिन दोन लिटरचं, समोरासमोर आडवे पिस्टन असलेलं. २०० हॉर्सपॉवर मिळते, पण ती सात हजार आरपीएमला. टॉर्कचा आलेख काढला तर साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान सरळसरळ खड्डा दिसतो. फ्रीवेच्या रॅम्पवर तिसऱ्या गिअरमध्ये तुम्ही नेमके त्या खड्ड्यात असता. मागून ट्रक येतोय, तुम्ही पाय दाबलाय आणि गाडी काही पुढे झेपावत नाही.

तक्रार एवढीच असेल तर, कायद्यात बसत असल्यास (मुद्दा ९), एक्झॉस्टचा हेडर बदलून त्याला जुळणारं ट्यून करून घ्या. खड्डा बराचसा भरून येतो आणि खर्च सुपरचार्जरच्या मानाने कितीतरी कमी. बऱ्याच जणांचं समाधान तिथेच होतं आणि ते योग्यच आहे. मला मात्र घाटाच्या चढावर, शेजारी माणूस आणि मागे सामान असताना, गिअर खाली न टाकता मधल्या आरपीएमला जोर हवा होता. तो हेडरने येत नाही.

२. सुपरचार्जरचा प्रकार तुमच्या रोजच्या आरपीएमवरून ठरवा.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर, बेल्टने फिरणारा हवेचा पंप. प्रकार मुख्यतः तीन. पहिला रूट्स: एकमेकांत गुंतलेले दोन रोटर हवा पुढे ढकलतात. हे यंत्र इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंचं, पेटंट १८६० चं. मोटारी जन्मायच्या कितीतरी आधी ते भट्ट्यांना वारा घालत होतं. दुसरा स्क्रू: यात हवा रोटरच्या पोटातच दाबली जाते. तिसरा सेंट्रिफ्युगल: चकती टर्बोसारखीच, फक्त ती एक्झॉस्टऐवजी बेल्टवर फिरते.

पहिल्या दोन प्रकारांत प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलली जाते, त्यामुळे बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, खालूनच मिळतो. सेंट्रिफ्युगलमध्ये बूस्ट साधारण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७४०० आरपीएमला सात पीएसआय मिळत असेल तर ३७०० ला जेमतेम पावणेदोन. म्हणजे खड्डा जागच्या जागी, फक्त थोडा उथळ. ट्रॅकवर हे उत्तम चालतं, कारण तिथे सुई पाच हजारांच्या खाली येतच नाही. शिवाय हवा कमी तापते आणि शेवटचा आकडाही मोठा येतो. पण ऑफिसच्या रस्त्यावर मी सात हजारांना किती वेळा पोचणार? म्हणून मी रूट्सच्या वंशातला ईटनचा टीव्हीएस घेतला. त्याच्या रोटरना चार पाती असतात आणि त्यांना १६० अंशांचा पीळ असतो. जुन्या सरळ पात्यांपेक्षा तो हवा बरीच सुरळीत ढकलतो आणि कमी तापवतो. अडीच हजारांनाच गाडी खेचायला लागते. दुसऱ्यांच्या आलेखात माझ्यापेक्षा मोठे आकडे दिसतात, ते दिसू देत.

३. मोठं इंजिन हाही पर्याय असतो.

हा वाद शंभर वर्षं जुना आहे. मर्सिडीजने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या गाड्या विक्रीला मांडल्या. पुढे इंग्लंडात रेसर टिम बर्किन यांनी साडेचार लिटरच्या बेंटलीला ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, लावायचा हट्ट धरला, तर खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला विरोध. ताकद हवी असेल तर इंजिन मोठं करा, हे त्यांचं म्हणणं. बर्किन ती ब्लोअरवाली गाडी घेऊन १९३० च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये दुसरे आले. पण ल मांची शर्यत १९२९ आणि १९३० ला जिंकली ती साडेसहा लिटरच्या बेंटलीने.

ही गाडी मिळून बनवणाऱ्या सुबारू आणि टोयोटानेही शेवटी बेंटलींचाच रस्ता धरला. २०२२ च्या मॉडेलला २.४ लिटरचं इंजिन आलं: २२८ हॉर्सपॉवर आणि कमाल टॉर्क ३७०० आरपीएमला, म्हणजे जुन्या खड्ड्याच्या बरोबर जागी. आज नव्याने गाडी घेणार असाल तर जुनी गाडी आणि किट यांच्या किमतीची बेरीज करा आणि नवी गाडी एकदा चालवून बघा. माझा जीव जुन्या गाडीत अडकलाय, तिची सवय हातापायांना झालीये, म्हणून मी तिलाच धरून आहे.

४. उष्णतेचा हिशेब शिकून घ्या.

बाकी सगळं वरवर वाचलंत तरी चालेल, पण हे नीट समजून घ्या. हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारताना हाताला लागतं तसंच. समुद्रसपाटीला २७ अंशांची हवा सात पीएसआयने दाबली तर अगदी आदर्श यंत्रातही ती साठच्या पुढे जाते. खऱ्या सुपरचार्जरमधून पंचाहत्तर-ऐंशी अंशांनी बाहेर पडते. दाब ४८ टक्क्यांनी वाढतो, पण तापलेली हवा फुगते, त्यामुळे घनता वाढते फक्त २६-२७ टक्क्यांनी. इंजिनला काम घनतेचं, दाबाचं नव्हे. तीच हवा इंटरकूलरमधून पंचेचाळीस अंशांवर आणली की घनतेतली वाढ ३९ टक्क्यांपर्यंत जाते. बूस्ट तोच, बेल्ट तोच, पण इंजिनला मिळणारी हवा बरीच जास्त. हवा दाबायला इंजिनच्या खिशातले दहा-पंधरा घोडे आधीच खर्च झालेले असतात. मग ती हवा गरम आत पाठवून ते वाया का घालवायचे?

माझ्या किटमध्ये पाण्याचा इंटरकूलर आहे. पाणी समोरच्या छोट्या रेडिएटरमध्ये थंड होतं आणि एक विजेवरचा पंप ते फिरवत ठेवतो. हा पंप मुठीएवढा, पण बंद पडला तर डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागत नाही. म्हणून गाडी फिरवून आणली की बॉनेट उघडून मी इंटरकूलरच्या दोन्ही नळ्यांना हात लावून बघते. जाणारी आणि येणारी जवळपास सारख्याच कोमट लागल्या की पाणी फिरतंय असं समजायचं. एक चांगलीच गरम आणि दुसरी गार लागली तर आधी पंपाचा फ्यूज बघायचा.

जुलैमध्ये लिव्हरमोरकडे पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवशी सिग्नलला उभं राहिलं की इंजिनच्या डोक्यावर बसलेला सुपरचार्जर खालून भाजून निघतो. इनटेकच्या हवेचं तापमान दाखवणारा छोटा डिस्प्ले मी स्टिअरिंगच्या बाजूला लावलाय, बूस्टच्या काट्याच्या आधी. सिग्नल सुटल्यावर लगेच पाय दाबायचा नाही. आकडा खाली येईपर्यंत दोन-चार मिनिटं शांतपणे जायचं, वारा लागू द्यायचा.

५. इंजिनचं कॉम्प्रेशन बघा आणि बूस्टचा मोह आवरा.

बीआरझेडचं कॉम्प्रेशन १२.५ ला १ आहे. याच कुळातलं टर्बो इंजिन सुबारूने २०१५ च्या डब्ल्यूआरएक्सला दिलं तेव्हा ते १०.६ ठेवलं. हा फरक उगाच नाही. आधीच घट्ट दाबणाऱ्या इंजिनमध्ये आणखी दाबलेली हवा घातली की पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटू शकतं; यालाच नॉकिंग म्हणतात. कॅलिफोर्नियात पंपावर मिळणारं प्रीमियम ९१ ऑक्टेनचं, त्यापेक्षा वरचं क्वचितच मिळतं. नॉकिंगचा पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज तुमच्या कानावर येईपर्यंत पिस्टनला मार बसलेला असतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगीची वेळ मागे ओढून इंजिनला सांभाळतो, पण त्यालाही मर्यादा आहे. या इंजिनचे कनेक्टिंग रॉड बारीक आहेत, हे त्यावर काम करणारा कुणीही सांगेल.

एका ट्यूनरने मला पुली लहान करून देतो म्हणून सांगितलं. पुली लहान की सुपरचार्जर जास्त वेगाने फिरणार, बूस्ट वाढणार, खर्च फारसा नाही. मी नको म्हटलं. किटबरोबर आलेलं ट्यून, कंपनीने सांगितलेले एक पायरी थंड जातीचे प्लग, टाकीत कायम प्रीमियम, एवढ्यावर गाडी उन्हाळे काढतेय. इंधन-हवेचं प्रमाण मोजणारा वाइडबँड गेज मात्र जरूर लावा. पूर्ण बूस्टला आकडा साडेअकरा ते बाराच्या आसपास हवा. तो तेराकडे सरकायला लागला की पाय काढा आणि कारण शोधा.

६. किट मागवण्याआधी इंजिन तपासून घ्या.

कॉम्प्रेशन टेस्ट, लीक-डाउन टेस्ट, ऑइल कुठे झिरपतंय का, क्लच सुटतोय का. २०१३ च्या या गाड्यांना व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी २०१८ मध्ये रिकॉल निघाला होता. ते काम झालंय का आणि कुठे झालंय, याचे कागद बघा. दमलेल्या इंजिनला सुपरचार्जर लावू नका.

७. बेल्टकडे दर महिन्याला लक्ष द्या.

बेल्ट घसरायला लागला की वरच्या आरपीएमला बूस्ट वाढायच्या ऐवजी कमी होतो. त्याआधीची खूण डोळ्यांना दिसते: पुलीभोवती काळी बारीक भुकटी जमते आणि बेल्टच्या खाचा काचेसारख्या चकचकीत होतात. टॉर्च मारून बघायला दोन मिनिटं लागतात. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा सैलावतो, तेव्हा ताण पुन्हा तपासा. पण जरुरीपेक्षा जास्त आवळू नका. तो ताण सुपरचार्जरच्या बेअरिंगवर जातो.

८. किटच्या किमतीच्या निम्मे पैसे बाजूला ठेवा.

क्लच, ऑइल कूलर, ब्रेक पॅड, चांगलं डॉट ४ ब्रेक फ्लुइड, टायर. हे सगळं एकदम लागेलच असं नाही, पण लागेल तेव्हा हाताशी पैसे हवेत. माझा क्रम असा: ब्रेक आधी, ऑइल कूलर मग, क्लच सुटायला लागेल तेव्हा. हॅमिल्टनवरून उतरताना वाढलेला वेग थोपवायला ब्रेकच लागतात. प्लग बदलायची मजुरीही विचारून ठेवा. आडव्या इंजिनात प्लग दोन्ही बाजूंना चासीच्या कुशीत असतात आणि मेकॅनिकच्या बोटांची सालं निघतात.

९. कागद गाडीइतकेच जपा.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं २७१५६ वं कलम प्रदूषण नियंत्रणात ढवळाढवळ करू देत नाही. एअर रिसोर्सेस बोर्डाने मंजुरीचा क्रमांक दिलेलं किटच रस्त्यावर चालतं. त्या क्रमांकाचा स्टिकर बॉनेटखाली लावायचा असतो आणि दर दोन वर्षांच्या स्मॉग तपासणीत तो बघितला जातो. जुलै २०२१ पासून तपासणीत ईसीयूचं सॉफ्टवेअरही वाचतात. म्हणजे किट मंजूर पण ट्यून कुणाकडून तरी बदलून घेतलेलं, तर गाडी नापास. पुली नको म्हणण्यामागे हेही कारण होतंच. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. हप्ता थोडा वाढेल, पण अपघातानंतर दावा अडकणार नाही.

१०. भारतातून विचारणाऱ्यांसाठी.

पुण्याचा माझा भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, माझ्या गाडीला बसवता येईल का गं?” यंत्र म्हणून कशालाही बसवता येतं. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. पकडलं तर दंड वेगळाच, पण अपघात झाला तर विम्याचं काय, हा मोठा प्रश्न. शिवाय त्याच्या गाडीसाठी तयार, तपासलेलं किटच नाही. सगळं जुळवून केलेलं, म्हणजे वरचा एकेक मुद्दा त्यालाच निस्तरावा लागणार.

त्याला सांगितलं, आधी टायर चांगले घे, ब्रेक पॅड बदल आणि कोईमतूरच्या कारी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ड्रायव्हिंग शिकवतात तिथे जाऊन ये. तिथे त्यांची गाडी, त्यांचा प्रशिक्षक, आणि पाय पूर्ण दाबायला मोकळा रस्ता. टायर त्याने घेतलेत; ट्रॅकच्या तारखा बघतोय.