वसा की सक्ती? : ‘डॉक्टर फेट’ या चित्रकथेचा एक अभ्यास

चित्रकथा म्हणजे लहान मुलांची करमणूक, असा आपल्याकडे एक रूढ समज आहे. परंतु एकच पात्र ऐंशीहून अधिक वर्षे निरनिराळ्या लेखकांच्या हातून लिहिले जाते, तेव्हा त्या पात्राबरोबर बदलत गेलेले विचारही तपासून पाहता येतात. प्रस्तुत लेखात अशाच एका पात्राचा विचार करण्याचे मी योजले आहे. आज ‘डीसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन प्रकाशनाचा हा मांत्रिक महानायक, ‘डॉक्टर फेट’. ‘फेट’ म्हणजे दैव किंवा विधिलिखित. २०२२ साली आलेल्या ‘ब्लॅक ॲडम’ या चित्रपटात पिअर्स ब्रॉस्नन यांनी ही भूमिका केली, त्यामुळे हे नाव आपल्याकडील अनेकांच्या कानांवर आले असेल.

मुखवटा तोच, पण आतला माणूस बदलतो, ही कल्पना मराठी वाचकाला नवीन नाही. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ इंद्रजाल कॉमिक्समधून ‘वेताळ’ म्हणून आपल्याकडे आला. वेताळाचा वारसा बापाकडून मुलाकडे जातो आणि अशा एकवीस पिढ्या झाल्याचे त्या कथांत सांगितले आहे. म्हणजे तेथे जन्मच वारस ठरवतो. डॉक्टर फेटचे तसे नाही. येथे वारसा रक्तातून उतरत नाही, तो एका सोनेरी शिरस्त्राणातून उतरतो. जो ते डोक्यावर चढवील त्याला अफाट मंत्रशक्ती मिळते. परंतु त्या शिरस्त्राणात नाबू नावाचा एक अतिप्राचीन आत्मा राहतो आणि तो घालणाऱ्याच्या देहाचा ताबा घेतो. आपल्याकडे ज्याला ‘अंगात येणे’ म्हणतात, तशातलाच हा प्रकार म्हणावा लागेल.

गार्डनर फॉक्स हे लेखक व हॉवर्ड शर्मन हे चित्रकार यांनी मे १९४० च्या ‘मोअर फन कॉमिक्स’मध्ये हे पात्र प्रथम आणले. त्याची जन्मकथा मात्र एक वर्षानंतर, १९४१ साली सांगितली गेली. ती अशी : १९२० साली स्वेन नेल्सन हा पुरातत्त्वज्ञ आपल्या केंट नावाच्या लहान मुलासह मेसोपोटेमियातील उर येथे जातो. केंट तेथील थडग्यात निद्रिस्त असलेल्या नाबूला जागे करतो. त्याच वेळी बाहेर पडलेल्या विषारी वायूने वडिलांचा मृत्यू होतो. नाबू त्या पोरक्या मुलाला विद्या शिकवतो आणि पुढे शिरस्त्राण व ताईत देऊन त्याला डॉक्टर फेट बनवतो.

येथे थोडी इतिहासाची जोड देणे आवश्यक वाटते. उर हे सुमेर संस्कृतीतील खरेखुरे नगर असून लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात तेथे उत्खनन केले. नाबू हेही लेखकाच्या मनातून निघालेले नाव नाही. बॅबिलोनियातील लोक नाबूला लेखनाचा व विद्येचा देव मानत. बोर्सिप्पा येथे त्याचे मुख्य मंदिर होते आणि लेखणी ही त्याची खूण होती. माणसांचे भवितव्य तो पाटीवर लिहून ठेवतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. हे वाचले तेव्हा मला आपली सटवाई आठवली. मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, असे आपल्याकडे मानतात. देश वेगळे, काळ वेगळे, पण लिहिणारा कोणी दुसराच, ही समजूत मात्र सारखीच! आणि शिरस्त्राणही नेमके कपाळच झाकते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आता या पात्रात झालेल्या बदलांकडे वळू. आरंभी डॉक्टर फेटचा चेहरा पूर्ण झाकलेला असे. परंतु १९४१ मध्येच त्याचे शिरस्त्राण अर्धे झाले, खालचा चेहरा दिसू लागला, त्याची शक्तीही कमी झाली आणि पुढे केंट खरोखरीचा वैद्यकीय डॉक्टर झाला. १९४४ साली ही मालिका थांबली. नंतर १९६३ साली तो पूर्ण शिरस्त्राणासह पुन्हा प्रकटला. १९७५ साली मार्टिन पॅस्को व वॉल्टर सायमन्सन यांनी एक महत्त्वाची कथा दिली. शिरस्त्राण चढवल्यावर केंट उरत नाही, नाबूच उरतो, हे त्या कथेत स्पष्ट झाले. त्याची पत्नी इन्झा सेलम येथील दार-खिडक्या नसलेल्या मनोऱ्यात एकटी वाट पाहत राहते. जग वाचते, पण घर रिकामे राहते, हा विचार या कथेने प्रथम ठळकपणे मांडला, असे मला वाटते.

ऐंशीच्या दशकातील कथा याहून पुढे गेल्या. नाबूने केंटला मंत्राच्या बळावर एकदम प्रौढ केले, म्हणजे त्याचे बालपणच काढून घेतले, असे त्यांत दाखवले आहे. १९८७ साली जे. एम. डिमॅटिस व कीथ गिफन यांच्या चार भागांच्या मालिकेत वृद्ध केंटचा अंत होतो आणि एरिक स्ट्रॉस हा दहा वर्षांचा मुलगा वारस ठरतो. त्यालाही तसेच एका क्षणात मोठे केले जाते. एरिक आणि त्याची सावत्र आई लिंडा या दोघांनी एकरूप झाल्यावरच डॉक्टर फेट साकार होतो. वारस बदलला, परंतु अन्याय तोच राहिला, असे येथे म्हणावे लागते.

१९९१ साली मात्र विल्यम मेसनर-लोब्ज यांच्या लेखणीतून इन्झा स्वतःच डॉक्टर फेट झाली. पन्नास वर्षे वाट पाहणारी बाई आता कर्ती झाली. तिने आपली शक्ती प्रथम कशासाठी वापरली? न्यूयॉर्कमधील आपल्या वस्तीतील साध्या माणसांच्या अडचणी दूर करण्यासाठी. विश्वाच्या लढाया तिलाही चुकल्या नाहीत, परंतु तिची नजर प्रथम शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गेली. पुढे २०१५ साली पॉल लेव्हिट्झ व सॉनी ल्यू यांनी खालिद नसूर हा तरुण आणला. त्याचे वडील इजिप्तहून आलेले व आई अमेरिकन आहे. तो वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या उंबरठ्यावर आहे. शिरस्त्राण घातल्यावरही तो खालिदच राहतो. तो घाबरतो, गोंधळतो, चाचपडत शिकतो. घरच्यांची काळजीही त्याला सुटत नाही.

या सर्व वारसांचा एकत्रित विचार करता आपल्याकडील ‘वसा’ हा शब्द मला फार उपयोगी वाटतो. श्रावणातल्या कहाण्यांत वसा कोणी कोणावर लादत नाही. घेणारी तो मागते, सांगणारी आधी त्याचे नियम सांगते, आणि मगच तो घेतला जातो. शिवाय वसा घेतलेली बाई कोणी वेगळी होत नाही. ती आपल्या घरातच राहते. केंट आणि एरिक यांना नियम कोणी सांगितले नाहीत, कारण ती मुलेच होती. त्यांच्यावर झाली ती सक्ती. इन्झा आणि खालिद यांच्या हाती आल्यावर मात्र त्या सक्तीला हळूहळू वशाचे रूप येऊ लागले.

हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आजी स्वतःच्या न झालेल्या शाळेबद्दल बोलताना ‘आमच्या कपाळात नव्हतं’ एवढेच म्हणते. तिच्या कपाळावर कोणी लिहिले, हे मी तिला विचारलेले नाही. पण मी परीक्षेच्या अभ्यासाला बसले की तीच कधी कधी विचारते, ‘शिकून मोठी झालीस की आमची राहशील ना गं?’ शिक्षण हेही एक शिरस्त्राण आहे, आणि ते डोक्यावर चढले की आतला चेहरा दिसेनासा होतो, ही भीती तिच्या प्रश्नात आहे. ती भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. शिकून गेलेली आणि मग घरच्यांशी परक्यासारखी बोलणारी माणसे तिने पाहिली आहेत. परंतु त्यासाठी शिरस्त्राण फेकून द्यावे, हेही मला पटत नाही. ते घालूनही आपला चेहरा आणि आपली वस्ती आपलीच राहील, असा मार्ग शोधला पाहिजे.

असा एक मार्ग ‘यंग जस्टिस’ या चित्रवाणी मालिकेत दाखवला आहे. तेथे झटाना ही जादूगाराची मुलगी संकटकाळी शिरस्त्राण घालते आणि नाबू तिला सोडण्यास नकार देतो. तेव्हा तिचे वडील झटारा तिच्या जागी स्वतःला देऊ करतात. पुढे अनेक वर्षे ते नाबूच्या ताब्यात राहतात; वर्षातून एकदा, एक तास, एवढीच बापलेकीची भेट होते. अखेर २०२१-२२ मधील चौथ्या पर्वात तोडगा निघतो. झटारा, झटाना, खालिद आणि ट्रेसी हे चौघे एकेक आठवडा आळीपाळीने शिरस्त्राण घालतील, आणि उरलेले दिवस आपापल्या घरी आपले आयुष्य जगतील, हे नाबूलाही मान्य करावे लागते.

दैवाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नायकाच्या कथेत माणसांनी दैवाशी बसून बोलणी केली, आणि आठवड्यांची वाटणी करून घेतली! कोणतेही मोठे कार्य एकाच माणसाला गिळून टाकण्याइतके मोठे नसावे, ते चौघांनी मिळून वाहावे, हा या दीर्घ कथेचा मला उमगलेला अर्थ आहे. आजीच्या प्रश्नाचे उत्तरही मला त्यातच दिसते. माझ्यामागून माझी धाकटी बहीण शिकेल, शेजारच्या मुली शिकतील, तेव्हा हे ओझे एकटीच्या डोक्यावर राहणार नाही. आणि मग प्रत्येकीचे कपाळ उघडे राहील.

— द्वितीय वर्ष, कला