पेशींचे पहारेकरी

मे महिन्यात रायपूरचा पारा कित्येकदा ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. उन्हात तापलेल्या लोखंडी कठड्याला हात लागताच तो आपोआप मागे येतो. हा इशारा चेतातंतूंच्या टोकांवरील प्रथिने देतात. त्यांस ‘ग्राही’ म्हणतात. त्यांपैकी एक ग्राही डेव्हिड ज्यूलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शोधून काढला. सुमारे ४३ अंशांपुढे त्यातील मार्ग उघडतो, विद्युतभारित कण पेशीत शिरतात आणि दाहाची वार्ता मज्जारज्जूकडे व मेंदूकडे जाते. मिरचीतील कॅप्सायसिनही तोच मार्ग उघडते. म्हणून तिखट खाल्ल्यावर तोंड न भाजताही भाजल्यासारखे वाटते.

रोगांपासून रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही ग्राही असतात. त्यांतील एक ग्राही काही जीवाणूंच्या बाह्य आवरणातील द्रव्य ओळखतो, हे ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ साली उंदरांवरील संशोधनातून दाखविले. ओळख पटताच पेशी इतर पेशींना सावध करणारी रसायने सोडते. ताप येतो, तो त्यांमुळेच. मात्र हा इशारा अनावर झाला, तर रक्तदाब घसरून रोग्याचे प्राणही जाऊ शकतात. तेव्हा पहारेकऱ्याने जागे राहावे, तसेच वेळीच शांतही व्हावे, यातच शरीराचे हित आहे.