अंगठ्यासाठी केलेलं पॉलिश

चांदूर बाजारच्या आसपास भजनाला साथ करणारी वाद्यं भरपूर. तुकडोजी महाराजांची खंजिरी याच जिल्ह्यात घुमली, त्यामुळे खंजिरी, पेटी, तबला गावोगावी ओळखीचे. गिटार मात्र अलीकडच्या पोरांची. तार तुटली तर ती अमरावतीहून आणता येते. पण नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांडीच्या, पाठीवरचं पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलं, घामानं काळं आणि खरबरीत झालं, की ते काम न्यायचं कुणाकडे? मी ते घरी करायला शिकलो, ते फर्निचरला पॉलिश मारणाऱ्या एका मिस्त्रींकडे बसून, त्यांना विचारून आणि बरंचसं त्यांच्याशी वाद घालून. वादाचं मूळ एकच होतं. कपाटाचं पॉलिश डोळ्यांसाठी असतं आणि नेकचं अंगठ्यासाठी. गेल्या काही वर्षांत जे हाती लागलं ते खाली देतोय.

१. थर पातळच हवा, पण थर हवाच.

काही वादक म्हणतात, नेक कोराच ठेवा, हात छान सरकतो. काश्मीरच्या हवेत कदाचित चालेल, वऱ्हाडात नाही. मे महिन्यात इथली हवा लाकडातला ओलावा शोषून घेते आणि जुलैत तोच ओलावा परत भरते. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारीवर सगळ्या तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण असतो. तो ताण सोसणारं लाकूड दर मोसमाला फुगत-आकसत राहिलं, तर तारांची उंची बदलते आणि नेकमधला ट्रस रॉड सारखा फिरवावा लागतो. पॉलिश ओलावा पूर्ण अडवत नाही, पण त्याचा वेग नक्की मंदावतं. शिवाय घाम आणि मळ लाकडात मुरू देत नाही. एवढ्या कामाला मिलिमीटरचा दहावा भाग जाडीचा थर पुरतो. त्याहून जाड थर दिला की नेक प्लास्टिकची वाटू लागते आणि टेबलाच्या कडेवर आपटली की त्याचा टवका उडतो.

२. डबा घेण्याआधी तो सुकतो कसा, ते विचारा.

दुकानात ‘पॉलिश द्या’ म्हटलं की चार वेगळ्याच वस्तू समोर येतात. लाखेचं स्पिरिट पॉलिश, एनसी लॅकर, मेलामाईन आणि पीयू (पॉलियुरेथेन). चमकीत फरक करणं कठीण, सुकण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

लाख स्पिरिटात विरघळते, स्पिरिट उडालं की लाख मागे उरते. पळस, कुसुम, बोर या झाडांवर जगणाऱ्या बारीक किड्यांची ही राळ. रांचीला तिच्यासाठी १९२४ सालापासून संशोधन संस्था आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या परंपरेतही लाखेचं पॉलिश मुरलेलं आहे. ते लावायला फवाऱ्याची बंदूक लागत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही. मऊ धोतराच्या कापडात कापूस गुंडाळून केलेला बोळा आणि हात, एवढंच. मला स्वतःला लाखेचं काम करायला सगळ्यात जास्त आवडतं. पण नेकवर तासन्‌तास घामट हात फिरतो, आणि घाम व उष्णता लाखेला मानवत नाही. आमच्या उन्हाळ्यात ती चिकटते. म्हणून नेकवर मी लाखेचा फक्त अस्तर म्हणून पहिला हात देतो.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. हे बनतं कापसाच्या तंतूंवर आम्लांची प्रक्रिया करून. जिनिंग झाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ती या कामाला वापरतात. कपाशीच्या मुलखात राहून हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर त्या डब्याबद्दल वेगळीच आपुलकी वाटू लागली. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीचं ‘ड्युको’ लॅकर मोटारींवर आला, आणि मोटार रंगवायला लागणारे आठवडे काही तासांवर आले. तोच लॅकर पुढे गिटारींवर आला. फेंडर, गिब्सन, मार्टिन यांच्या जुन्या गिटारींची पिवळसर, मऊ झाक यातूनच येते.

एनसीचा मोठा गुण असा, की नवा हात जुन्या हाताला थोडा विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. मेलामाईन आणि बहुतेक पीयू रासायनिक क्रियेने कडक होतात. एकदा घट्ट झाले की वरचा थर खालच्यात मिसळत नाही, तो नुसता वर बसतो. ते टणक असतात हे खरं, पण पुढे एखादी जागा झिजली की तिथली दुरुस्ती कायम दिसत राहते. नेक झिजणारच आहे, म्हणून मी एनसी निवडतो.

३. मुहूर्त हवेचा बघा.

या कामात सगळ्यात जास्त मोल हवेला. कागदावर लिहिलेल्या कृती बहुधा थंड देशांतल्या असतात, त्या इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना फवारा मारला, तर लॅकरचे थेंब लाकडावर पोचेपर्यंत अर्धे वाळलेले असतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत, वर नुसती भुकटी बसते आणि हाताला पॉलिशपेपरसारखं लागतं. बंदूक जवळ आणली की लगेच ओघळ येतात.

पावसाळ्यात उलटं. थिनर झपाट्यानं उडताना लाकडाचं अंग गार करतं, आणि ओलसर हवेतलं पाणी त्या गार अंगावर बसतं. लॅकर पांढुरका पडतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर हे हमखास समजा. यावर रिटार्डर मिळतो. तो थिनरचं उडणं लांबवतो आणि पाण्याला निघून जायला वेळ देतो. पांढरं पडलेलं अंग कोरड्या दिवशी थिनर-रिटार्डरच्या हलक्या फवाऱ्यानं बऱ्याचदा पुन्हा पारदर्शक होतं, त्यामुळे तो भाग खरवडून काढायची घाई करू नये.

तिसरी गोष्ट कोणत्याच पुस्तकात नसते, ती म्हणजे आपला कूलर. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी आहे म्हणून निर्धास्त राहावं, आणि शेजारच्या खोलीतला कूलर दाराच्या फटीतून ओली हवा सोडत असतो. भर उन्हाळ्यात लॅकर पांढरा पडला तर आधी कूलर बंद करून बघावं.

माझा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. त्याआधी धुकं आणि दव असतं, नंतर गारवा उतरू लागतो. अडचण एकच. नेमके हेच दिवस तुरीच्या, सोयाबीनच्या मळणीचे आणि कापसाच्या वेचणीचे. हवेत भुसा आणि लव असते. म्हणून फवाऱ्याआधी कामाच्या जागी पाणी शिंपडावं, जमीन पूर्ण सुकू द्यावी आणि मगच काम करावं.

४. लाकूड तयार करण्यात निम्मं काम होतं.

मिस्त्री म्हणायचे, “भाऊ, लॅकर खोटं झाकत नाही, उलट दाखवते.” पाठीवर १२० पासून सुरुवात करून १८०, २४०, ३२० असे पेपर मारत जायचं, नेहमी रेषांच्या दिशेनं. आडवा मारलेला ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, पहिला हात दिला की उठून दिसतो. ३२० नंतर ओलसर फडक्यानं पुसून घ्यायचं. लाकडाचे तंतू उभे राहतात. ते वाळले की पुन्हा हलका पेपर. ही पायरी गाळली तर ते तंतू पहिल्या हातालाच उभे राहतात आणि पॉलिश कायम काटेरी लागतं.

एक काळजी फार महत्त्वाची. घासता घासता नेकचा गोलवा बदलू नये. बोटांनी पेपर दाबला की मधोमध खळगा पडतो. पेपरच्या पट्ट्या कापून, दोन टोकं दोन हातांत धरून, बूट चमकवताना फडकं फिरवतात तशा नेकवर फिरवाव्यात.

परतवाड्याला मेळघाटचा साग मिळतो, त्यामुळे सागाची नेक बनवायचा मोह आमच्या भागात होतोच. साग तेलकट असतो. लॅकर त्यावर नीट धरत नाही. आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यायचा. मग वर लॅकर बसतो.

५. केसांना तेल लावलेलं असेल तर नेकला हात लावू नका.

खोबरेल तेलाचं एक बोट लाकडावर टेकलं तरी त्या जागी लॅकर सरकतो आणि गोल खड्डा पडतो. सिलिकॉन असलेलं गाडीचं पॉलिश त्याहून वाईट. ते एकदा लाकडात शिरलं की निघता निघत नाही. गॅरेजमधून कॉम्प्रेसर आणला असेल तर नळीतून तेल-पाणी येतं का, ते आधी कोऱ्या कागदावर फवारून बघावं.

६. शिसवी फ्रेटबोर्ड कोरा ठेवा, मेपलचा असेल तर तोही लॅकरात घ्या.

शिसवीला शेवटी थोडं तेल पुरतं, फवारताना तिच्यावर चिकटपट्टी लावून कड झाकायची. मेपलला लॅकर नसेल तर तो वर्षभरात मळकट होतो. चिकटपट्टी लॅकर पुरता घट्ट होण्याआधी काढायची आणि आधी कडेनं ब्लेडची हलकी रेघ ओढायची, नाहीतर कडेचा लॅकर पट्टीसोबत सोलून निघतो.

७. हात पातळ द्या, आणि ओघळाकडे बघत बसा, त्याला बोट लावू नका.

लॅकर आणि थिनर साधारण निम्मे-निम्मे. नेकच्या टाचेला लाकडी दांडा स्क्रूनं बसवायचा, तो धरून काम करायचं. वाळायला टांगायचं तर खुंटीच्या भोकातून तार ओवायची. एका दिवसात तीन हात, दोन हातांत किमान तासाचं अंतर, आणि मग एक रात्र तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ४०० च्या पेपरनं फक्त उंचवटे सपाट करायचे. मोटारसायकलला मारतात ते डबीतले स्प्रे बहुतेक ॲक्रिलिक असतात. त्यांनीही नेक होते, मात्र ते एनसी समजून घेऊ नयेत.

ओघळ आला तर पूर्ण वाळू द्यावा. मग ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून, मधल्या उघड्या धारेनं तो हळूहळू खरवडावा. ओला असताना बोट लावलं तर खालचे सगळे थर उचकटतात.

८. थिनर घरात आणताना घराचा विचार आधी करा.

हे मी सगळ्यांना आग्रहानं सांगतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत पोचते. पंख्याच्या किंवा मोटरच्या बटणाची ठिणगीही तिला पुरते. काम गच्चीवर किंवा अंगणातल्या शेडमध्ये करावं, वारा आरपार असावा, आणि पोरं आसपास नसावीत. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. तो महाग वाटला तर काम पुढे ढकलावं, पण मास्कविना करू नये.

जवस आपल्याकडे पिकतं, म्हणून जवसाच्या तेलाचं पॉलिश हा स्वस्त पर्याय अनेकांना सुचतो. घाण्याचं कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं. त्याहून गंभीर म्हणजे तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. एकेक फडकं पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून ठेवावं.

९. वाळणं वेगळं आणि मुरणं वेगळं.

तासाभरात बोटाला चिकटत नाही म्हणून नेक तयार झाली असं होत नाही. आतला थिनर निघून जायला तीन-चार आठवडे लागतात. हे तपासायला नाक पुरतं. नेक नाकाजवळ धरावी. थिनरचा वास येतो तोवर थांबावं. याआधी घासलं तर आज सपाट दिसणारं अंग महिनाभरात पुन्हा आत बसतं, आणि लाकडाच्या रेषा वर दिसू लागतात. पोरांना सगळ्यात जड जाते ती हीच पायरी, कारण वाट बघण्यापलीकडे करण्यासारखं काहीच नसतं. पण तेवढ्या दिवसांत तारा चढवल्या तर नटजवळ आणि खुंट्यांच्या वॉशरखाली ठसे उमटतात, आणि ते पुढे कधी जात नाहीत.

१०. पाठीची चमक काढून टाका.

मिस्त्रींशी खरा वाद इथेच झाला. “एवढं चमकवलं, अन् तुम्ही त्याले पुन्हा काहून घासता?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. कपाटावर आरशासारखं अंग हीच कारागिरी. पण आरशासारख्या नेकवर घामट अंगठा अडकतो. खुंट्यांचा माथा, म्हणजे हेडस्टॉक, मी २००० च्या पेपरपर्यंत नेऊन पॉलिशनं चमकवतो, कारण तिथे हात जात नाही. पाठ मात्र ६०० नं सपाट करून बारीक स्टीलवूलनं रेषांच्या दिशेनं फिरवून घेतो. अंग मंद होतं, आणि अंगठा पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत न अडखळता जातो. पेपर कोरडाच मारतो, कारण खुंट्यांच्या भोकांतून पाणी लाकडात शिरलं तर कडा फुगतात. मिस्त्रींना मी वाजवताना दाखवलं. तेव्हा त्यांनी स्वतः अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, “हे खुर्चीच्या हातालेही चालन.” ते आता खरंच तसं करतात.

११. जपणूक पहिल्या दिवसापासून.

रेक्झिनच्या पिशवीत किंवा रबरी स्टँडवर एनसीची गिटार दिवसेंदिवस ठेवू नये. त्यातली मऊपणा देणारी द्रव्यं लॅकरात उतरतात आणि तो भाग चिकट होतो. स्टँडच्या रबराला सुती कापड गुंडाळावं. वाजवून झालं की नेक कोरड्या फडक्यानं पुसावी.

उरलेल्या लॅकरची छोटी काचेची बाटली भरून ठेवावी. तिच्यावर थिनरचं प्रमाण, कंपनी आणि तारीख लिहावी. दोन-तीन वर्षांनी अंगठ्याच्या जागी नेक उघडी पडू लागली, तर पूर्ण काम काढायची गरज नाही. ती जागा ४०० नं घासून, स्वच्छ पुसून, याच लॅकरचे दोन पातळ हात द्यायचे, आणि तीन आठवडे थांबून पुन्हा मंद करायचं. कड कुठे आहे ते नंतर दिसत नाही, हाताला तर लागतच नाही.