हळद पुडीसाठी पिशवीची निवड

किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशीम) परिसरातील ज्या बचत गटांना हळद पूड विकावयाची आहे, त्यांनी पिशवीचा विचार दळण्यापूर्वीच करावा. उजेडाने हळदीचा रंग उडतो, ओलाव्याने पुडीत गाठी होतात. पारदर्शक पिशवीत माल खुलून दिसतो खरा, परंतु तो शोभा दुकानात फार दिवस टिकत नाही. अपारदर्शक, बहुपदरी व अन्नयोग्य पिशवी घ्यावी; पूड गार झाल्यावरच भरून तोंड उष्णतेने बंद करावे. वर्तमानपत्राचा कागद २०१८ च्या वेष्टन नियमांनी निषिद्ध आहे.

आरंभीच हजारो पिशव्या छापून घेऊ नयेत. किंमत वा पत्ता बदलताच त्या वाया जातात. साध्या पिशवीवर चिठ्ठी चिकटवावी. तीवर इतर आवश्यक तपशिलांबरोबर निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, तुकडी क्रमांक व अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापावा.